धरणाकाठी मुक्तसंचार कोंबड्या आहेत, थंडीत येणाऱ्या पाखरांमुळे खरंच रोग येतो का?

बॅकवॉटरवाला:

नमस्कार मंडळी, उजनीच्या बॅकवॉटरला लागून आमचं शेत आहे. ऊस, थोडी मका आणि जोडधंदा म्हणून कावेरी आणि गावठी मिळून तीनशेच्या आसपास कोंबड्या आहेत, मुक्तसंचार. सकाळी शेडचं दार उघडलं की दिवसभर बांधावर, चिंचेखाली, गोठ्यामागं चरतात आणि दिवेलागणीला आपल्या आपण आत येतात. अंडी पुण्याला जातात, गावठी म्हणून भाव बरा मिळतो.

आता विषय असा की थंडी पडली की समोरच्या पाण्यावर हजारोंनी पाखरं उतरतात. रोहित येतात, बदकांचे थवे येतात, ते पट्ट्यापट्ट्याच्या डोक्याचे हंस येतात, पुण्या-मुंबईची माणसं कॅमेरे घेऊन होडीतनं फिरतात. आणि दरवर्षी जानेवारी आला की बर्ड फ्लूच्या बातम्या सुरू. मागं उदगीरला कावळे मेले, उरणला कोंबड्या मेल्या, तेव्हा आमच्या गावच्या ग्रुपवर जे मेसेज फिरले की विचारू नका. चुलते म्हणतात काठावर फटाके लाव, एक शहाणा तर म्हणाला औषध लावलेले गहू टाक, चार पाखरं मेली की बाकीची येत नाहीत. ते मी करणार नाही पण डोक्याला ताप झालाय.

तर विचारायचं हे की ह्या जंगली पाखरांपासून कोंबड्यांना रोग येतो हे खरं किती? येतो तर नेमका कसा येतो, हवेतनं का विष्ठेतनं? चिमण्या, साळुंक्या, पारवे तर शेडात येऊन खाद्य खातात, त्यांचं काय? गायबगळे दिवसभर उकिरड्यावर असतात. लस आहे का? का मुक्तसंचार बंद करून सगळ्या आत कोंडू? आत कोंडल्या तर मग माझ्या अंड्याला गावठीचा भाव कोण देणार. कोंबड्या, पाचसहा बदकं सगळी रात्री एकाच शेडात असतात, पाणी बॅकवॉटरचंच मोटरनं टाकीत घेतो. जाणकारांनी सांगा.

लेअरवाला:

पाखरांना शिव्या घालायच्या आधी आपल्या गेटकडं बघा. मी बरीच वर्षं लेअर करतोय, म्हणजे अंड्यासाठीच्या पिंजऱ्यातल्या कोंबड्या, आमच्या शेडात चिमणीसुद्धा शिरत नाही, जाळी आहे, तरी राणीखेत म्हणजे मानमोडीचा रोग आलाच होता. कसा आला? अंड्याच्या ट्रेमधून आला असं माझं ठाम मत आहे. ट्रे बाजारात जातो, चार फार्मचे ट्रे एकमेकांत मिसळतात, कुणाच्या ट्रेला शिट चिकटलेली, कुणाच्यात अंडं फुटून वाळलेलं, आणि तोच ट्रे परत आपल्या शेडात. तसंच म्हाताऱ्या कोंबड्या उचलायला येणारी गाडी, तिचे क्रेट बघा एकदा, सकाळी एका फार्मवर भरलेले दुपारी दुसऱ्या फार्मवर, मध्ये पाण्याचा एक फवारासुद्धा नाही. आणि ती पोरं सगळ्या शेडातनं त्याच चपलेनं फिरतात. स्थलांतरित पक्षी वर्षाला एकदा येतो, क्रेटवाला आठवड्याला येतो!

दुसरी गोष्ट, अंडी कमी झाली की लगेच बर्ड फ्लू बर्ड फ्लू करू नका. एच९एन२ नावाचा सौम्य फ्लू लेअरमध्ये बरेच दिवस फिरतोय, मर फार नाही पण अंडी धाडकन उतरतात. त्याची लस आपल्याकडं मिळते. सगळ्या कोंबड्या मारून टाकायला लावणारा तो एच५एन१, त्याची लस भारतात द्यायची परवानगी नाही, आपलं धोरण सापडलं की मारायचं. चीनमध्ये देतात, फ्रान्सनं २०२३ पासून बदकांना द्यायला सुरुवात केली, आपल्याकडं नाही.

पाणपक्षी_वेडा:

लेअरवाला यांच्याशी बराचसा सहमत, पण पक्ष्यांची बाजू पूर्ण सांगतो कारण अर्धवट सांगितलं की लोक लगेच फटाके आणि विषावर येतात.

फ्लूचे विषाणू रानबदकं, हंस, सुरय, कुरव, चिखल्या अशा पाणपक्ष्यांमध्ये मुळातच असतात, हजारो वर्षं असतील, आणि बहुतेक त्यांना त्याचं काही होत नाही, आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून पाण्यात पडतो. हे सौम्य प्रकार. त्यातले एच५ आणि एच७ गटातले काही पोल्ट्रीत शिरले, हजारो कोंबड्या एका छपराखाली, एकीकडून दुसरीकडे फिरत फिरत तिथं ते जहाल होतात. आज जगभर जो एच५एन१ फिरतोय त्याचा पूर्वज १९९६ साली चीनच्या ग्वांगडाँगमध्ये पाळीव हंसांच्या फार्मवर सापडला होता. म्हणजे जहालपणा आपल्या फार्मवर आला आणि मग तो उलटा रानपक्ष्यांमध्ये गेला. २००५ ला चीनच्या छिंगहाय तलावावर सहा हजारांच्या आसपास रानपक्षी मेले, त्यात सगळ्यात जास्त ते तुमचे पट्ट्यापट्ट्याच्या डोक्याचे हंस, त्यांना पट्टकादंब म्हणतात. आपल्याकडं २०२०-२१ च्या हिवाळ्यात हिमाचलच्या पोंग धरणावर हजारो पक्षी मेले त्यातही बहुतेक पट्टकादंबच. हे पक्षी मंगोलिया तिबेटकडं उन्हाळा काढतात आणि हिमालय ओलांडून आपल्याकडं येतात, त्यामुळं विषाणू लांबून आणण्याची क्षमता त्यांच्यात आहे हे कुणी नाकारत नाही.

पण रोहितावर विनाकारण संशय नको, तो कच्छच्या रणात वीण करतो आणि तिथून आपल्याकडं येतो, चीनशी त्याचा संबंध नाही. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, भुवई बदक हे लांबून येतात. ह्यातला एकही तुमच्या शेडात पाऊल टाकणार नाही, माणूस दिसला की शंभर मीटरवरून उडतात.

फटाक्यांचं म्हणाल तर उलटं होतं. आजारी थवा एका जागी असतो तो बरा, उडवला की चार तळ्यांवर विखुरतो. आणि विषाचे गहू टाकणं म्हणजे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सरळ गुन्हा, शिवाय ती मेलेली पाखरं खायला कावळे, घारी आणि गावची कुत्री येणार आणि तुमच्याच कोंबड्या ते गहू टिपणार. त्या शहाण्याला हे सांगा.

उदगीरकर_७०:

उदगीरचं नाव निघालंय म्हणून लिहितो. जानेवारी २०२५ ला आमच्याकडं गावात भर वस्तीत कावळे पटापट खाली पडायला लागले, पन्नासच्या आसपास गेले असतील. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, एच५एन१ निघाला. लोक म्हणले कावळ्यांनी रोग आणला. आरं बाबांनो कावळा मेला ना, मग त्यानं आणला कसा, त्याला कुठूनतरी लागला! माझं म्हणणं असंय की मेलेल्या कोंबड्या कुठं जातात ते बघा. आमच्याकडच्या रोडला पहाटे गेलात तर पुलाखाली गोण्याच्या गोण्या दिसतेत, अर्धी गोणी फाटलेली, पिसं उडायलेत, कावळे आणि कुत्रे बसलेले. चिकन दुकानाची घाण तशीच उघड्यावर. कावळा तिथं खातो आणि मग तुमच्या छपरावर येऊन बसतो. त्याला काय, तो सफाई कामगार हाय, मरतो बी तोच.

पशुवैद्य_आहे_पण_सुट्टीवर:

छान चर्चा चालू आहे. बॅकवॉटरवाला, एक प्रश्न आधी, बाकी सगळं नंतर. तुम्ही शेवटी जाता जाता बदकांचा उल्लेख केलाय. ती बदकं दिवसभर असतात कुठं?

बॅकवॉटरवाला:

डॉक्टर साहेब ती काय, पाण्यात. सकाळी सोडली की शेडापासनं पाण्यापर्यंत उतार आहे, रांगेनं जातात. दिवसभर काठाच्या गाळात, पाणवनस्पतीत चोची घालत बसतात, रानबदकांच्या जवळपास सुद्धा दिसतात कधीकधी, आणि अंधार पडायच्या आत परत. पोरांनी हौसेनं आणलेली, अंडी पण देतात. त्यांना कधी काही झालं नाही, एकदम ठणठणीत.

पशुवैद्य_आहे_पण_सुट्टीवर:

मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शेडात झोपतंय.

रानबदक तुमच्या शेडात येत नाही हे वर पाणपक्षी_वेडा यांनी बरोबर सांगितलं. त्याच्या विष्ठेत विषाणू असेल तर तो पाण्यात आणि काठाच्या चिखलात राहणार. तिथून शेडापर्यंतचं अंतर कुणीतरी पार करायला लागतं. पाळीव बदक ते रोज करतं. दिवसा रानबदकांच्या पाण्यात, रात्री कोंबड्यांच्या भुश्यावर. त्यात वाईट गोष्ट अशी की बदकाला लागण झाली तरी बऱ्याचदा ते ठणठणीतच दिसतं आणि विष्ठेतून विषाणू सोडत राहतं, कोंबड्या मरायला लागल्यावरच तुम्हाला कळणार. केरळात कुट्टनाडला २०१४ पासून पुन्हा पुन्हा जे होतंय ते बघा, तिथं भात कापल्यावर बदकांचे मोठमोठे कळप शेतात चरायला सोडतात, तिथंच स्थलांतरित पक्षी उतरतात, एकच पाणी एकच चिखल. तेच तुमच्याकडं छोट्या प्रमाणात चालू आहे.

दुसरं पाणी. बॅकवॉटरचं पाणी थेट टाकीत म्हणजे बदकांना शेडात न आणता सुद्धा तोच चिखल तुम्ही मोटरनं वर खेचताय. थंड पाण्यात हा विषाणू आठवडेच्या आठवडे जिवंत राहू शकतो, उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात आणि कडक उन्हात लवकर मरतो, म्हणून आपल्याकडं भानगड जास्त करून डिसेंबर ते मार्च. बोअर असेल तर थंडीचे चार महिने कोंबड्यांना बोअरचं पाणी द्या. नसेलच तर तुरटी फिरवून गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या झाकणाच्या टाकीत घ्या आणि ब्लीचिंग पावडर टाका, हजार लिटरला साधारण पाच-सहा ग्रॅम, पावडर ताजी आणि बंद डब्यातली हवी, उघडी पडलेली निव्वळ चुना असतो. टाकून काही तास थांबा मग पाजा. पाण्यातून लस द्यायची असेल तेव्हा मात्र हे पाणी अजिबात नको, क्लोरीननं लस मरते.

आता चिमण्या, साळुंक्या, पारवे. ह्यांच्यापासून मला बर्ड फ्लूपेक्षा मानमोडीची भीती जास्त वाटते, म्हणजे राणीखेतची. पारव्यांचा स्वतःचा एक प्रकार असतो त्या विषाणूचा, तुम्ही बघितले असतील कधी मान पिळवटलेले, गोल गोल फिरणारे पारवे, ते बहुतेक तेच. तो कोंबड्यांतही येऊ शकतो. पण ह्याला लस आहे आणि स्वस्त आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ-वन डोळ्यात थेंब, चौथ्या आठवड्याच्या आसपास लासोटा परत, आठ आठवड्यांनंतर आर टू बी इंजेक्शन. मुक्तसंचारवाले पहिला थेंब देतात आणि पुढचं विसरतात, मग म्हणतात लस देऊनही आली.

लक्षणांवरून घरी निदान करायला जाऊ नका. मानमोडीत हिरवट पातळ शिट, मान वाकडी, पाय ओढणं, घरघर. बर्ड फ्लूत तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी लाल कातडी) निळे-काळे, डोकं सुजलेलं, नडगीवर लाल डाग, आणि पुष्कळदा काहीच नाही, काल चांगली होती आज सकाळी दहा मेलेल्या. दोन्ही एकमेकांसारखे दिसू शकतात. अचानक मर झाली की दवाखान्यात कळवा नाहीतर १९६२ ह्या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरला फोन करा, नमुने पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत आणि तिथून खात्रीसाठी भोपाळला जातात. मेलेली कोंबडी कापून बघायची नाही, शेजाऱ्याला द्यायची नाही, पुलाखाली तर नाहीच.

जुगाडू_भंडारावाला:

मला तर वाटते का हे सगळं मोठ्या कंपन्यायचं आहे भाऊ. दर वर्षी जानेवारीतच कसा येते? गावठी कोंबडीले काही होत नाही, तिची इम्युनिटी वेगळी राहते. आमच्या इकडे तळेच तळे आहेत, सारस येते, बदकं येते, आजीच्या काळापासून कोंबड्या अंगणात, कुठं काय झालं? जरा सांगा मले.

पाणपक्षी_वेडा:

जानेवारीतच का, ते वर डॉक्टरांनी सांगितलंय, थंडी आणि पाणी. आणि गावठीला होत नाही हे कुणी सांगितलं? जानेवारी २०२१ ला परभणीच्या मुरुंब्यात आठशे-नऊशे कोंबड्या दोन-तीन दिवसांत मेल्या ते फार्म होतं, पण २०२५ ला उरणच्या चिरनेरला लोकांच्या परसातल्याच कोंबड्या गेल्या. आणि तुमच्याच विदर्भातलं सांगतो, डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, तपासणीत एच५एन१ निघाला. वाघाची इम्युनिटी तर तुमच्या कोंबडीपेक्षा कमी नसेल ना?

जुगाडू_भंडारावाला:

वाघाचं मले माहीत नव्हतं. पण कंपन्यायचं मी सोडत नाही 😄

लेअरवाला:

कंपन्यांचं म्हणाल तर नुकसान कंपन्यांचंच जास्त होतं हो. नवापूर विसरलात का, फेब्रुवारी २००६, देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, लाखो कोंबड्या खड्ड्यात गेल्या, मुंबईत चिकन कोण घेईना, फुकट वाटून खाऊन दाखवायचे कार्यक्रम करायला लागले लोकांना. आणि २०२१ ला परत त्याच नवापुरात. एवढे शेड एकमेकांना चिकटून आहेत तिथं की एका ठिकाणी आलं की पुढं जायला पाखराची गरजच नाही, माणूस आणि गाडी पुरते.

आणि एक खरं कारण सांगतो लोक लपवतात का. नुकसानभरपाई सरकारनं मारलेल्या कोंबडीची मिळते, रोगानं मेलेल्या कोंबडीची नाही. आधी शंभर मेल्या, मग दोनशे, तोपर्यंत शेतकरी वाट बघतो, ओळखीच्या मेडिकलमधनं औषध आणून पाजतो, मधल्या मधे उरलेल्या विकून टाकतो, आणि विकल्या की रोग दुसऱ्या गावाला. ह्यात चूक कुणाची ते तुम्ही ठरवा, मला तर नियमच उलटा वाटतो.

पशुवैद्य_आहे_पण_सुट्टीवर:

नियमावर मी इथं बोलत नाही, नोकरी आहे 😀 पण तुमच्याच हिशोबानं बघा, लवकर कळवलं तर मेलेल्या कमी आणि भरपाईतल्या जास्त. उशीर केला की दोन्हीकडनं गेलं. रोग निघाला की एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्यांच्या कोंबड्या जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत लक्ष ठेवतात, म्हणजे तुमच्या लपवण्याची किंमत शेजारची म्हातारी पण मोजते जिच्या चारच कोंबड्या आहेत.

लीड्सची_सुनबाई:

मी मूळची साताऱ्याची, आता इंग्लंडमध्ये, मागच्या अंगणात सहा कोंबड्या आहेत. आत कोंडायचं विचारलंय म्हणून इकडचं सांगते. ७ नोव्हेंबर २०२२ ला सरकारनं फतवा काढला, अख्ख्या इंग्लंडमधल्या सगळ्या पाळलेल्या कोंबड्या आत ठेवायच्या, मग मोठं फार्म असो का माझ्यासारखी हौशी. तो फतवा पार पुढच्या एप्रिलपर्यंत. ताडपत्री आणि बारीक जाळीचा मांडव घातला, त्यात बसवल्या बिचाऱ्या. फ्री रेंज म्हणून अंडी विकणाऱ्यांची हीच पंचाईत झाली जी तुमची होणार, ठरावीक आठवड्यांनंतर खोक्यावर वेगळं लेबल लावायला लागलं, बार्न एग्ज असं. आणि ऑक्टोबर २०२४ पासून तर एक कोंबडी असली तरी सरकारदरबारी नोंद करायची सक्ती आहे. आई फोनवर म्हणाली, कोंबडीचं आधार कार्ड काढलंस का!

इथं रानपक्ष्यांचं जे झालं ते मात्र बघवत नव्हतं. स्कॉटलंडला बास रॉक नावाचा समुद्रातला खडक आहे, गॅनेट नावाचे पांढरे मोठे समुद्रपक्षी तिथं लाखाच्या वर असतात, लांबून खडकावर बर्फ पडल्यासारखा दिसतो. २०२२ च्या उन्हाळ्यात तिथं बर्ड फ्लू शिरला आणि खडकाचे मोठमोठे भाग रिकामे पडले. जे वाचले त्यातल्या बऱ्याच जणांचे डोळे काळे झाले. गॅनेटची बुबुळं फिकट निळी असतात, आजारातून उठलेल्यांची काळी किंवा काळी-निळी ठिपक्यांची. शास्त्रज्ञांनी रक्त तपासलं तर काळ्या डोळ्यांच्या बहुतेक पक्ष्यांत फ्लूच्या अँटिबॉडीज निघाल्या. पाखरं नुसती वाहक असतात असं आपण म्हणतो, पण त्यांचीच किती गेली ते इथं बघितलं.

परसबाग_दापोली:

२०२१ ला आमच्या दापोलीत पण कावळे मेले होते हो. माझ्या घरी फार नाहीत, पंधरा-वीस कोंबड्या. डॉक्टर, ते लासोटाचं सगळं खरं पण कुपी येते निदान शंभर डोसची, आणि बर्फातच ठेवायला लागते, आणि फोडली की दोन तासांत संपवायची म्हणतात. वीस कोंबड्यांसाठी शंभरची कुपी कोण आणणार. म्हणून आमच्या वाडीतल्या बायकांनी काय केलं, सगळ्या घरच्या कोंबड्या मोजल्या, एकच कुपी आणतो, थर्मासमध्ये बर्फ घालून, आणि संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की घराघरात जाऊन थेंब टाकतो. एकीनं कोंबडी धरायची, एकीनं डोळ्यात थेंब टाकून तिनं डोळा मिटेपर्यंत थांबायचं, नाहीतर मान झटकून थेंब बाहेर. तेव्हापासून मानमोडी नाही आली वाडीत. माझा प्रश्न, हळद-लसणाचं पाणी पाजतात त्याचा काही उपयोग?

पशुवैद्य_आहे_पण_सुट्टीवर:

ताई तुमच्या वाडीचा फोटो आमच्या ऑफिसात लावायला हवा. फक्त घराघरात जाताना पायातलं आणि हात मधे मधे साबणानं धुवा, नाहीतर लस पण तुम्हीच नेणार आणि एखादा रोग पण तुम्हीच. ह्या दोन्ही विषाणूंवर चरबीचं आवरण असतं, साबणानं ते फाटतं. हळद-लसूण पाजा, अपाय नाही, पण त्यानं राणीखेत किंवा बर्ड फ्लू थांबत नाही.

बॅकवॉटरवाला:

सगळ्यांचे आभार. बदकांचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता, मी तर चिमण्यांच्या मागं लागलो होतो. घरी सांगितलं तर पोरांनी तोंड पाडलं, पण ठरवलंय की थंडीभर बदकं वेगळ्या खुराड्यात, सिमेंटची छोटी टाकी करून त्यातच पोहायचं, काठावर जाणं बंद, उताराला जाळी मारतोय. बोअर आहे पण पाणी कमी, कोंबड्यांना पुरेल. शेडाची चप्पल वेगळी ठेवली, दारात चुना टाकला. खाद्य आता बाहेर टाकत नाही, आत गव्हाणीत देतो, सांडलेलं संध्याकाळी झाडून घेतो, चिमण्या निम्म्या कमी झाल्या.

दोन शंका राहिल्या. जाळी किती इंची घेऊ? दुकानदार एक इंची स्वस्त देतो. आणि शेडाला लागून चिंच आहे, तिच्यावर रात्री बगळे आणि पाणकावळे बसतात, खाली पत्र्यावर सगळं पांढरं होतं. चिंच तोडायची का? आजोबांनी लावलेली आहे, चुलते तोडू देणार नाहीत आणि मलाही तोडायची नाही.

लेअरवाला:

एक इंचीतनं चिमणी आरामात शिरते. अर्धा इंची घ्या, वेल्डमेश, एकदाच पैसे जातील. खालचे दोन फूट जमिनीत गाडा, मुंगूस आणि घुशी पण थांबतील.

पाणपक्षी_वेडा:

चिंच तोडू नका. वीण चालू असेल तर बगळ्यांची घरटी पाडणं हा पण गुन्हाच, आणि ते पुढच्या झाडावर जाऊन बसतील. कोंबड्या चिंचेखाली जाणार नाहीत एवढं बघा.

पशुवैद्य_आहे_पण_सुट्टीवर:

सहमत. चिंचेच्या बुंध्याभोवती फांद्यांच्या पसाऱ्याएवढी जागा जाळीनं बंद करा. पत्र्यावरची शिट पावसानं किंवा दवानं धुऊन वळचणीला पडते आणि तिथंच कोंबड्या उकरत बसतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही. पत्र्याला पन्हाळ लावून ते पाणी शेडाच्या मागे लांब काढा आणि वळचणीखाली फुटभर रुंद चुन्याची पट्टी ठेवा. पत्रा धुवायला चढाल तेव्हा कोरडं झाडू नका, धूळ नाकात जाते, आधी साबणाचं पाणी मारून ओलं करा, तोंडाला रुमाल आणि हातात मोजे. आणि तो पत्रा धुतलेला पाइप कोंबड्यांच्या टाकीत टाकून ठेवू नका, हे सांगायला लागतं म्हणून सांगतो.

बॅकवॉटरवाला:

पाइप आत्ताच काढला टाकीतनं 😅 पन्हाळीचं माप घ्यायला चाललोय, उद्या बाजार आहे इंदापूरचा.